तिनाचे गट आणि घनमूळ

कॅल्क्युलेटरवर १६ चे घनमूळ काढा. २.५१९८४२ येते. ५४ चे काढा, ३.७७९७६३ येते. दोन्हींची बेरीज ६.२९९६०५. आता २५० चे घनमूळ काढून पाहा. तेही ६.२९९६०५.

हा योगायोग आहे, की खरोखरच ∛१६ + ∛५४ = ∛२५०? यंत्राला विचारून उपयोग नाही. सहा स्थळांपर्यंत आकडे जुळले म्हणून सातव्या किंवा सत्तराव्या स्थळाला जुळतीलच, असे ते सांगू शकत नाही. दशांश कितीही लांबवले तरी शंका एक घर पुढे सरकते, मिटत नाही. ती मिटवायची तर या तीन संख्या फोडून आत काय आहे ते पाहावे लागते.

१६ = २ × २ × २ × २
५४ = २ × ३ × ३ × ३
२५० = २ × ५ × ५ × ५

१६ मध्ये २ चा एक घन आहे आणि एक २ सुटा उरलाय. ५४ मध्ये ३ चा घन आहे आणि एक २ सुटा. २५० मध्ये ५ चा घन आणि पुन्हा एक २ सुटा. घनाचे घनमूळ म्हणजे ती संख्याच, म्हणून घन घनमुळाच्या चिन्हाबाहेर येतो आणि सुटा २ आत राहतो. तिन्ही संख्या आता अशा दिसतात: २∛२, ३∛२ आणि ५∛२. दोन आणि तीन पाच. बरोबरी सिद्ध झाली, तीही एकही दशांश न वापरता आणि अनंत स्थळांपर्यंतच्या खात्रीने.

आपल्याकडे आठवीच्या पुस्तकात ‘घातांक व घनमूळ’ हे प्रकरण आहे. नववीत करणी येतात. मुले ‘साधे रूप द्या’ हा प्रश्न गुण मिळवण्यापुरता सोडवतात आणि मनात धरतात की खरे उत्तर म्हणजे दशांशातले, ७∛१८ वगैरे लिहिणे म्हणजे काम अर्धवट सोडणे. मला हे अगदी उलटे वाटते. दशांशातले उत्तर कुठेतरी तोडलेले असते. ७∛१८ हे पूर्ण उत्तर आहे, त्यात काहीच गाळलेले नाही. शिवाय ती संख्या कशाची बनली आहे हेही ते सांगते.

हे ७∛१८ मी सहज लिहिले नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवलेल्या ६१७४ या संख्येचे ते घनमूळ आहे. कापरेकरांची क्रिया पुष्कळांना ठाऊक असते: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर (ते तीन अंकी आले तर डावीकडे शून्य धरून) पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि मग तिथेच मुक्काम, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

ही संख्या शाळेत करतात तशीच फोडू. ६१७४ लिहून डावीकडे एक उभी रेघ. संख्या सम आहे, म्हणून रेघेच्या डावीकडे २, खाली भागाकार ३०८७. ही विषम, म्हणजे २ चे काम संपले. अंकांची बेरीज ३ + ० + ८ + ७ = १८, तेव्हा ३ ने भाग जातो: १०२९. पुन्हा बेरीज १२, पुन्हा ३: ३४३. आता बेरीज १०, ३ थांबला. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ चा प्रश्नच नाही. ७ ने पाहू: ३४३ भागिले ७ म्हणजे ४९, मग ७, मग १. रेघेच्या डावीकडे वरून खाली उभे आहेत २, ३, ३, ७, ७, ७.

तिनाचा गट होतो फक्त सातांचा. त्या गटातून एक ७ बाहेर येतो. २, ३, ३ यांचा गट होत नाही, म्हणून त्यांचा गुणाकार १८ आतच राहतो. ∛६१७४ = ७∛१८.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. ते दोन ३ तिथे का आहेत, हे सांगता येते. तेच अंक उलटसुलट लावून झालेल्या दोन संख्यांची वजाबाकी नेहमी ९ ने भागली जाते, म्हणून कापरेकरांच्या क्रियेतून येणाऱ्या प्रत्येक उत्तरात दोन ३ असणारच. ७ चा अख्खा घन मात्र त्या नियमातून आलेला नाही. तो ६१७४ चा स्वतःचा आहे, आणि अवयव पाडल्याशिवाय तो कुणाच्या नजरेस पडला नसता.

इथे मुलांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. वर्गमुळात जोडीतून एक बाहेर काढायचा असतो. ती सवय हातात बसलेली असते, म्हणून त्या दोन तिनांची जोडी पाहून ३ बाहेर काढला जातो. दुसरी चूक म्हणजे गटातले तिन्ही ७ बाहेर लिहिणे. घनमुळाबाहेर ३४३ दिसला की समजावे, गट फोडला पण मूळ काढायचे राहून गेले. तिसरी चूक जास्त खोल आहे. गुणाकार फोडता येतो म्हणून बेरीजही फोडली जाते आणि ∛(८ + २७) चे उत्तर २ + ३ = ५ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ते ∛३५ आहे, म्हणजे सुमारे ३.२७. घनमूळ गुणाकारातून पार होते, बेरजेतून होत नाही. अवयवच का पाडायचे, बेरजेचे तुकडे का नाही, याचे सगळे उत्तर यात आहे.

एकच अवयव पुष्कळ वेळा आला तर गटांभोवती गोल काढत बसण्यापेक्षा भागाकार सोपा. १२८ मध्ये सात वेळा २ आहे. ७ ला ३ ने भागा: भागाकार २, बाकी १. भागाकार बाहेर जातो, बाकी आत राहते. बाहेर दोन २, म्हणजे ४, आणि आत एक २. ∛१२८ = ४∛२. बाकी सगळीकडे शून्य आली तर संख्या पूर्ण घन. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. त्यात २ सहा वेळा आणि ३ तीन वेळा आहे. ६ आणि ३ दोन्ही तिनाने भागले जातात, म्हणून घनमूळ २ × २ × ३ = १२. फुटाचे बारा इंच परत मिळाले.

बाकी पाहिली की परीक्षेतला एक नेहमीचा प्रश्नही सुटतो: ६७५ ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले म्हणजे ती पूर्ण घन होईल? ६७५ मध्ये तीन ३ आणि दोन ५ आहेत. एका ५ ची उणीव. ५ ने गुणा, ३३७५ होतात, म्हणजे १५ चा घन. छेदात घनमूळ अडकले असेल तर तिथेही हीच उणीव भरायची. ∛(२/९) मध्ये छेदात दोन ३ आहेत. वरखाली ३ ने गुणले की ∛(६/२७), म्हणजे ∛६ भागिले ३.

बाहेर काढता येते तसे आतही नेता येते, आणि कधीकधी तेच सोयीचे असते. ३∛५ मोठे की २∛१७? नुसते पाहून सांगणे कठीण. पहिल्यात ३ आत नेताना २७ होतो आणि ∛१३५ मिळते. दुसऱ्यात २ चा ८ होतो आणि ∛१३६ मिळते. एका एककाच्या फरकाने दुसरे मोठे.

आता जरा थांबून या सगळ्याचा पाया पाहायला हवा. एखाद्याने ६१७४ फोडताना ७ पासून सुरुवात केली, दुसऱ्याने २ पासून, तर दोघांचे अवयव वेगळे येतील का? येत नाहीत. क्रम बदलेल, पण कोणता मूळ अवयव किती वेळा, हे प्रत्येक संख्येसाठी पक्के ठरलेले असते. या सिद्धांताचे मर्म युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे: मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल, तर गुणल्या गेलेल्या संख्यांपैकी निदान एकीला तरी तिने भाग जातोच. पुढे १८०१ मध्ये गाउसने आपल्या अंकगणितावरच्या ग्रंथात हा सिद्धांत स्पष्ट मांडून सिद्ध केला. तो नसता तर ∛६१७४ ची दोन वेगवेगळी ‘साधी रूपे’ निघण्याची भीती कायम राहिली असती.

हा पाया किती बळकट आहे ते ∛२ वर पाहावे. ∛२ हा अपूर्णांक असू शकेल का, म्हणजे a/b अशा रूपात? तसे असेल तर a चा घन बरोबर २ गुणिले b चा घन. आता दोन्ही बाजूंचे २ मोजू. घनात प्रत्येक मूळ अवयव तिनाच्या पटीत येतो, म्हणून डावीकडे २ ची संख्या तिनाची पट. उजवीकडे b च्या घनातले २ तिनाच्या पटीत, शिवाय वर एक जास्त. तिनाची पट आणि तिनाच्या पटीपेक्षा एक जास्त, या दोन संख्या कधी सारख्या होत नाहीत. म्हणून असा अपूर्णांक नाही. ही सिद्धता आठवीतल्या मुलाला दहा मिनिटांत समजते. ती पाठ्यपुस्तकात घनमुळाच्या शेजारीच असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

∛२ चा इतिहास मोठा आहे. ग्रीक परंपरेत सांगतात की डेलॉस बेटावर साथ आली, तेव्हा अपोलोची घनाकृती वेदी दुप्पट करा, असा कौल मिळाला. बाजू दुप्पट केली तर वेदी आठपट होते. दुप्पट आकारमानासाठी बाजू ∛२ पट हवी. पट्टी आणि कंपास एवढ्यावर ही लांबी काढण्याचा प्रयत्न दोन हजारांहून अधिक वर्षे चालला. १८३७ मध्ये पिएर वांझेलने सिद्ध केले की या दोन साधनांनी ते शक्यच नाही. घरच्या मापात सांगायचे तर १००० लिटरच्या घनाकृती टाकीची आतली बाजू एक मीटर असते. २००० लिटरची हवी तर बाजू दोन मीटर नव्हे, सुमारे १.२६ मीटर.

हीच ∛२ आपल्या पेटीतही, म्हणजे हार्मोनियममध्येही आहे. पेटीच्या सप्तकात बारा स्वर असतात आणि आजच्या पेटीत लगतच्या कोणत्याही दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर सारखेच ठेवलेले असते. बारा पायऱ्या चढल्या की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे तार षड्ज. पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे पांढरी एकला, सा धरला तर शुद्ध गंधार पांढरी तीनवर येतो, चार पायऱ्यांवर. तिथून आणखी चार पायऱ्या चढले की काळी चार, आणि आणखी चार चढले की वरच्या सप्तकातली पांढरी एक. तीन सारख्या उड्यांत दुप्पट, म्हणजे प्रत्येक उडी ∛२ ची.

तंबोऱ्यावर गाणाऱ्याच्या कानाला जो गंधार शुद्ध लागतो, त्याचे सा शी गुणोत्तर ५/४ असते. सा २४० धरला तर तो गंधार ३००. पेटीचा गंधार सुमारे ३०२.४, किंचित चढा. पेटी अशी जुळवायची तरी का? दर उडी ५/४ चीच का ठेवू नये? ५/४ च्या तीन उड्या म्हणजे १२५/६४. तार षड्जासाठी हवे १२८/६४. १२५ मध्ये तीन ५ आहेत, १२८ मध्ये सात २. एका संख्येत फक्त पाच, दुसरीत फक्त दोन. मूळ अवयव एकमेव असतात म्हणून हे दोन गुणाकार कधी एक होणार नाहीत. त्यांच्यातली तीनची फट बुजवण्यासाठी प्रत्येक गंधार थोडा थोडा चढवावा लागतो. संगीतातली ही ओढाताण कानाची किंवा कारागिरीची नाही, ती थेट २ आणि ५ या मूळ संख्यांमधून येते.

घनमूळ काढण्याची जुनी भारतीय रीत मात्र अवयवांवर चालत नव्हती. आर्यभटाने इ. स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त, गणितपादात, ती एका श्लोकात बसवली आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि डावीकडून एकेक अंक मिळवत जायचा. १७,५७६ घेऊ. गट १७ आणि ५७६. १७ मध्ये मावणारा सर्वांत मोठा घन ८, म्हणून पहिला अंक २, उरले ९. पुढचा अंक ५ उतरवला, ९५. त्याला २ च्या वर्गाच्या तिप्पटीने, म्हणजे १२ ने भागायचे. ७ वेळा जाईल, पण पुढच्या वजाबाकीला पुरेसे उरले पाहिजे, म्हणून ६ घ्यायचा: ९५ − ७२ = २३. पुढचा अंक ७ उतरवून २३७. त्यातून ३ × २ × ६ चा वर्ग, म्हणजे २१६ वजा केले, उरले २१. शेवटचा ६ उतरवून २१६, त्यातून ६ चा घन २१६ गेला. बाकी शून्य, उत्तर २६. अवयवांनीही तेच मिळते: १७,५७६ = ८ × २१९७, म्हणजे २ चा घन गुणिले १३ चा घन.

भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त परिकर्माष्टकातली, म्हणजे गणिताच्या आठ मूळ क्रियांमधली, शेवटची दोन कर्मे घन आणि घनमूळ हीच आहेत. तिथे त्यांनी घन करायला दिलेल्या संख्या आहेत ९, २७ आणि १२५, आणि पुढे त्या घनांची मुळेही विचारली आहेत. २७ चा घन १९,६८३. तो ३ ने भागत गेले तर नऊ वेळा भाग जातो. नवाचे तीन गट, घनमूळ तीन वेळा ३ म्हणजे २७. तिन्ही उदाहरणे एकेकाच मूळ संख्येच्या घातांची आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याची ती नोंद. खानदेशातल्या त्या मठात ही घनमुळे शिकवली गेली असतील, हे आठवून मला दर वेळी आनंद होतो.

दोन रीतींची कामे वेगळी आहेत. आर्यभटाच्या रीतीने किंमत मिळते, हवी तितक्या स्थळांपर्यंत. ६१७४ तिला दिली तर ती १८.३४५ असे पुढे सांगत जाईल, पण आत ७ चा घन दडलाय हे कधीच सांगणार नाही. ते फक्त अवयव सांगतात. मग अवयवांची रीत मोठ्या संख्येला कितपत झेपते?

इथे एक सवलत आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. घनमूळ सुटसुटीत करायला संख्या पूर्ण फोडावी लागत नाही. १४,६४१ पेक्षा लहान कोणतीही संख्या घ्या. २, ३, ५ आणि ७ या चौघांनी जितके वेळा भाग जाईल तितके वेळा भागा. उरलेल्या संख्येत ११ किंवा त्याहून मोठेच मूळ अवयव असतील. असे चार अवयव असूच शकत नाहीत, कारण चार ११ चा गुणाकारच १४,६४१ होतो. म्हणजे फार तर तीन. मग तिनाचा गट व्हायचा तर एकच शक्यता उरते: उरलेली संख्या स्वतःच एखाद्या मूळ संख्येचा घन असली पाहिजे. असे घन या मर्यादेत पाचच आहेत: १३३१, २१९७, ४९१३, ६८५९ आणि १२,१६७, म्हणजे ११, १३, १७, १९ आणि २३ यांचे घन. उरलेली संख्या या यादीत असेल तर गट मिळाला, नसेल तर पुढे बघायचेच नाही.

१३,१८२ घ्या. २ ने एकदा, ३ ने एकदा भाग जातो आणि २१९७ उरतात. ५ आणि ७ ने भाग जात नाही. २१९७ यादीत आहे. ∛१३,१८२ = १३∛६. आता गणितज्ञ रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ घ्या. ७ ने एकदा भाग गेला, उरले २४७. यादीत नाही, म्हणून ∛१७२९ आहे तसेच राहणार. २४७ म्हणजे १३ × १९ हे कळण्याची गरजही पडली नाही. ९९७३ ला चौघांपैकी कुणानेच भाग जात नाही आणि ती यादीतही नाही. चार भागाकारांत निकाल लागला.

संख्या जितकी मोठी तितकी ही मर्यादा वाढते. सर्वसाधारण नियम असा की संख्येच्या चौथ्या मुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे, आणि मग उरलेली संख्या पूर्ण घन आहे का तेवढे तपासायचे. बारा अंकी संख्येला हजारापर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, आणि त्या १६८ आहेत. वहीपेन्सिलीने जिकिरीचे, पण संगणकाला काहीच नाही. शंभर-दोनशे अंकांच्या संख्येपुढे मात्र चौथे मूळही प्रचंड असते आणि संगणकही थकतो. तशी संख्या पूर्ण घन आहे का, हे आर्यभटाच्या धर्तीवर क्षणात तपासता येते. पण ती पूर्ण घन नसेल, तर तिच्या आत कुठे एखादा घन दडला आहे का, हे अवयव न पाडता झटपट सांगणारी रीत गणितज्ञांना आजवर सापडलेली नाही.